वाचकांचे प्रश्न : खाऱ्या टाकीतील फुलपाखरू माशांचे आजार

या अंकासाठी आलेल्या पत्रांत फुलपाखरू माशांच्या, म्हणजे बटरफ्लायफिशच्या, आजारांविषयीचे प्रश्न इतके होते की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. ‘कोणते औषध टाकू?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. मात्र मासा खातो का, श्वास कसा घेतो आणि टाकीत प्रवाळ आहेत का, हे फार थोड्या वाचकांनी कळवले आहे. ही माहिती नसताना औषध सुचवणे म्हणजे निव्वळ अंदाज बांधणे ठरेल. त्यामुळे पुढील उत्तरांत औषधाच्या मात्रेपेक्षा आजार ओळखण्यावर अधिक भर आहे.

प्रश्न : कॉपरबँड बटरफ्लाय घेण्याचा विचार आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार मासा निरोगी असून त्याला आधीच कॉपरच्या, म्हणजे परजीवी मारणारे तांब्याचे औषध घातलेल्या, पाण्यात ठेवले होते. तरीही क्वारंटाइन करावे, म्हणजे आधी काही काळ वेगळ्या टाकीत ठेवावे, का? लहान, रिकाम्या टाकीत हा मासा उपाशी राहतो असेही ऐकले आहे.

उत्तर : क्वारंटाइन अवश्य करावे. विक्रीच्या टाक्यांत कॉपरचे प्रमाण अनेकदा उपचारासाठी लागणाऱ्या पातळीपेक्षा कमी ठेवलेले असते. अशा पाण्यात परजीवी दबून राहतात, त्यांची लक्षणे झाकली जातात, आणि मासा घरच्या स्वच्छ पाण्यात आला की आठ-दहा दिवसांत आजार वर येतो. शिवाय फ्लूक या चपट्या कृमींवर कॉपरचा भरवशाचा परिणाम होत नाही, आणि फुलपाखरू माशांच्या कल्ल्यांत फ्लूक वारंवार आढळतात.

तुमची दुसरी शंका मात्र रास्त आहे. कॉपरबँड हा फटींमधून बारीक जीव टिपून खाणारा मासा आहे. उघड्याबोडक्या काचेच्या टाकीत तो बिथरतो आणि अन्नाकडे पाहतही नाही. यावरचा तोडगा क्वारंटाइन टाळणे हा नसून ती टाकी माशाला मानवेल अशी करणे हा आहे. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवावेत, तीन बाजूंना बाहेरून गडद कागद लावावा, प्रकाश मंद ठेवावा आणि मुख्य टाकीत काही आठवडे मुरवलेला, म्हणजे उपयुक्त जिवाणू वसलेला, स्पंज फिल्टर बसवावा, म्हणजे अमोनिया साचणार नाही. अमोनियाची चाचणी रोज करावी. समुद्री पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.४ असतो आणि या सामूला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्याच्या तुलनेत बराच जास्त असतो, त्यामुळे ‘थोडासा चालेल’ असे येथे म्हणता येत नाही.

अन्नाची सुरुवात नुकत्याच उघडलेल्या शिंपल्यापासून करावी. शिंपल्यातील मांस चोचीने टोचून खाणे त्याच्या नैसर्गिक सवयीशी जुळते. जिवंत ब्राइन श्रिंप, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, त्याला हालचालीने आकर्षित करतात, परंतु त्यांत पोषण बेताचेच असल्याने मासा खाऊ लागल्यावर त्याला लवकरात लवकर गोठवलेल्या मायसिसवर, म्हणजे कोळंबीसारख्याच दुसऱ्या लहान जीवावर, आणावे. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे आणि उरलेले काढून टाकावे. मासा नियमित खाऊ लागेपर्यंत, त्याच्यात आजाराचे लक्षण नसेल तर, कोणतेही औषध सुरू करू नये. कॉपर असो वा प्राझिक्वांटेल हे कृमींवरचे औषध, दोन्हींमुळे भूक मंदावू शकते, आणि उपाशी मासा आजारापेक्षा उपचारानेच आधी खचतो. क्वारंटाइनचा काळ किमान चार आठवडे धरावा. त्याहून आधीची पायरी म्हणजे खरेदी : विक्रेत्याला तुमच्यासमोर अन्न टाकायला सांगावे, आणि जो मासा ते टिपत नाही, ज्याची पाठ डोक्यामागे खोलगट झाली आहे किंवा ज्याच्या लांब मुखाला इजा दिसते, तो कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

मासा पिशवीत बराच वेळ बंद राहून आला असेल तर थेंबाथेंबाने तासभर पाणी मिसळत बसू नये. पिशवीत कर्बवायू साठल्यामुळे सामू उतरलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो; पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. क्वारंटाइन टाकीचा खारेपणा आधीच पिशवीतल्या पाण्याइतका ठेवावा, बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, मग पिशवी उघडून मासा लगेच टाकीत सोडावा आणि पिशवीतले पाणी टाकीत जाऊ देऊ नये.

प्रश्न : माझ्या रॅकून बटरफ्लायच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले होते. चार दिवसांत ते आपोआप गेले. टाकीत क्लीनर श्रिंप (माशांचे अंग टिपून साफ करणारी कोळंबी) आहे. त्याने परजीवी खाल्ले असावेत का? टाकीत प्रवाळ आहेत. आता काही करण्याची गरज आहे का?

उत्तर : ठिपके गेले याचा अर्थ आजार गेला असा होत नाही, आणि या गैरसमजापायी सर्वाधिक मासे दगावतात. वर्णनावरून हा मरीन इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीचा संसर्ग दिसतो. हा परजीवी माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत साधारण तीन ते सात दिवस राहून पोसला जातो. नंतर तो स्वतःहून मासा सोडतो, बहुधा अंधारात, आणि तळाशी किंवा खडकाला चिकटून स्वतःभोवती कवच, म्हणजे कोश, तयार करतो. त्या कवचात तो विभागत जातो आणि एका कोशातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, अन्यथा ती मरतात. ठिपके नाहीसे झाले तेव्हा परजीवी मेले नव्हते. ते पुढच्या पिढीच्या तयारीला तळाशी गेले होते. दुसरी लाट पहिल्यापेक्षा मोठी असते आणि अनेकदा ती कल्ल्यांत आधी पोहोचते, जिथे ठिपके दिसतच नाहीत.

क्लीनर श्रिंपविषयी : परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली असतो, वर बसलेला नसतो. श्रिंप मृत त्वचा व काही बाह्य परजीवी टिपतो, पण इकचा संसर्ग त्यामुळे बरा होत नाही. लसूण लावलेल्या अन्नाने भूक थोडी वाढली तर वाढेल. त्याला औषध म्हणू नये. ‘प्रवाळांना सुरक्षित’ अशी जाहिरात असलेल्या द्रवांबद्दलही माझे मत फारसे वेगळे नाही, कारण एकपेशीय परजीवी मारण्याइतके तीव्र द्रव्य प्रवाळ आणि कोळंबीला काहीच करणार नाही, हे मानणे कठीण आहे.

करायचे ते असे. टाकीतील सर्व मासे, फक्त आजारी दिसणारा नव्हे, वेगळ्या उपचार-टाकीत हलवावेत आणि मुख्य टाकी माशांविना ठेवावी. प्रवाळ, गोगलगायी व कोळंबी तिथेच राहू शकतात, कारण हा परजीवी फक्त माशांवर जगतो. बहुतेक कोश तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात. मात्र ७२ दिवसांनी कोश फुटल्याचीही नोंद आहे, आणि त्यावरूनच टाकी ७६ दिवस रिकामी ठेवण्याची प्रथा रूढ झाली आहे. हा काळ कंटाळवाणा आहे, पण तो मध्येच मोडला तर आधीचे सर्व आठवडे वाया जातात.

उपचार-टाकीत तीन मार्ग आहेत. पहिला कॉपरचा. मुक्त आयनी कॉपरची उपचार-पातळी दर लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते; चिलेटेड म्हणजे बांधलेल्या कॉपरची पातळी यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि ती उत्पादनानुसार बदलते. या दोन प्रकारांची गल्लत झाली तर एका दिशेला उपचार निष्फळ ठरतो आणि दुसऱ्या दिशेला मासा मरतो, म्हणून आपल्या कॉपरच्या प्रकाराला लागू पडणारी चाचणीच वापरावी. फुलपाखरू माशांसाठी पातळी एकदम न चढवता काही दिवसांत टप्प्याटप्प्याने न्यावी, रोज मोजावी आणि मग तीन ते चार आठवडे ती जराही खाली येऊ देऊ नये. कॉपर पाण्यात फिरणाऱ्या पिल्लांनाच मारते. कोशातल्यांना आणि माशाच्या त्वचेतल्यांना ते लागत नाही. मध्येच पातळी घसरलेला एक दिवसही म्हणून महाग पडतो. चुनखडीचे खडक व वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे उपचार-टाकीत ते ठेवू नयेत, आणि प्रवाळांच्या टाकीत कॉपर कधीही टाकू नये.

दुसरा मार्ग कमी खारेपणाचा. साधारण दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवून ते शेवटचा ठिपका गेल्यानंतर सुमारे चार आठवडे तिथेच ठेवतात, आणि परत चढवताना मात्र आठवडाभर घेतात. माशाला खारेपणा उतरलेला सोसतो, झपाट्याने चढलेला सोसत नाही. मोजमापासाठी तपासून घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणारे उपकरण, हवा. तरंगत्या काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर या उपचारात विसंबू नये, कारण आकडा थोडा वर राहिला तरी परजीवी तगतो. सामू घसरण्याची प्रवृत्ती असते, तिच्याकडेही लक्ष द्यावे. कमी खारेपणाला जुमानत नाहीत असे या परजीवीचे काही वाणही आढळले आहेत.

तिसरा मार्ग टाकी-बदलाचा, आणि नाजूक किंवा कमी खाणाऱ्या फुलपाखरू माशासाठी मी तोच प्रथम सुचवीन. माशाला दर ७२ तासांच्या आत पूर्णपणे कोरड्या केलेल्या, नव्या पाण्याच्या टाकीत हलवायचे, असे एकूण चार वेळा. परजीवी मासा सोडून तळाशी जातो आणि त्याचा कोश फुटण्याआधीच मासा तिथून निघून गेलेला असतो. औषध शून्य, मेहनत मात्र भरपूर. जाळी, पाइप, फिल्टर, थर्मामीटर यांपैकी काहीही एका टाकीतून दुसरीत जाता कामा नये. दुसऱ्या टाकीच्या पाण्याचा खारेपणा व तापमान आधी तंतोतंत जुळवून ठेवावे.

प्रश्न : ऑरिगा बटरफ्लाय दोन दिवसांपासून पंपाच्या प्रवाहात तोंड करून उभा राहतो आणि जोरजोरात श्वास घेतो. अंगावर एकही ठिपका नाही. हा कोणता आजार?

उत्तर : प्रथम अमोनिया व विरघळलेला प्राणवायू पाहावा. दोन्ही ठीक असतील आणि इतर मासेही धापा टाकत असतील तर वेल्व्हेटचा, म्हणजे ॲमिलूडिनियम ओसेलेटमचा, संशय सर्वप्रथम घ्यावा. हा परजीवी बहुधा कल्ल्यांपासून सुरुवात करतो. अंगावर पिठीसारखी बारीक, सोनेरी झाक असलेली धूळ दिसते ती फार उशिरा, आणि तीही मंद अंधारात बाजूने टॉर्च धरला तरच. त्याचा एक कोश २५६ पर्यंत पिल्ले देऊ शकतो, आणि संपूर्ण टाकी काही दिवसांत ओस पडू शकते. येथे ‘दोन दिवस पाहू या’ हा सल्ला घातक आहे. कमी खारेपणाचा आणि टाकी-बदलाचा मार्ग वेल्व्हेटवर चालत नाही. कॉपर किंवा क्लोरोक्विन फॉस्फेट हे मूळचे मलेरियावरचे औषध लागते. क्लोरोक्विनची रूढ मात्रा दर लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ते पाण्यात असताना फिल्टरमधला कार्बन काढून यूव्ही दिवा बंद ठेवावा लागतो आणि प्रकाशही कमी ठेवावा. हे औषध पाण्यातील जीवांच्या पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावे, कारण शुद्धतेबाबत खात्री नसलेली पूड हीच अनेक ठिकाणी मिळते.

एकटा ऑरिगाच धापा टाकत असेल, एकाच बाजूचे कल्ल्याचे झाकण उघडझाप करत असेल, मासा डोके झटकत असेल किंवा खडकाला अंग घासत असेल, तर फ्लूकची शक्यता अधिक. हे ठरवण्याचा सोपा उपाय म्हणजे गोड्या पाण्यातील बुडी. क्लोरीन काढलेल्या, टाकीइतक्याच तापमानाच्या व सामूच्या आणि आधीपासून हवा सोडलेल्या गोड्या पाण्यात मासा तीन ते पाच मिनिटे ठेवावा आणि गडद तळाच्या भांड्यात निरखावे. त्वचेवरचे फ्लूक पांढरे पडून लहान खवल्यांसारखे खाली पडतात. मासा सुरुवातीला आडवा पडतो. घाबरू नये, परंतु श्वास थांबल्यासारखा वाटला तर लगेच बाहेर काढावा. बुडीने निदान होते व तात्पुरता आराम मिळतो. पूर्ण उपचारासाठी क्वारंटाइन टाकीत दर लिटरला सुमारे २.५ मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल देतात. औषध अंड्यांना मारत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी मात्रा द्यावीच लागते. या काळात जिवाणूंची वाढ होऊन पाणी दुधाळ होऊ शकते व प्राणवायू घटतो. हवेचा पंप जोरात ठेवावा.

प्रश्न : नवीन आणलेल्या क्लाइन्स बटरफ्लायच्या कुशीवर लालसर, खरचटल्यासारखी जखम दिसते आणि ती रोज पसरते आहे. त्याला जाळीने इजा झाली असेल का?

उत्तर : जाळीची जखम पसरत नाही, आठवड्यात भरून येऊ लागते. नव्या फुलपाखरू माशावर खवल्यांखालून येणारी, रोज वाढणारी लालसर जखम असेल तर युरोनेमा मरिनम या एकपेशीय जीवाचा विचार करावा लागतो. फुलपाखरू मासे आणि क्रोमिस (लहान डॅमसेल मासे) हे दोन गट त्याला विशेष बळी पडतात. हा जीव इक किंवा वेल्व्हेटप्रमाणे माशावाचून मरत नाही, जिवाणू व कुजके पदार्थ खाऊन टाकीत तो स्वतंत्रपणे जगतो. त्यामुळे टाकी रिकामी ठेवून त्याचे उच्चाटन होत नाही. वाहतुकीने थकलेल्या, गर्दीत ठेवलेल्या माशावर तो हल्ला चढवतो.

खरे सांगायचे तर, तो स्नायूंत शिरल्यानंतर मासा वाचण्याची शक्यता कमी असते, कारण कॉपर किंवा पाण्यात टाकलेली इतर औषधे तेथपर्यंत पोहोचत नाहीत. प्रारंभीच्या अवस्थेत फॉर्मेलिनचे अल्पकालीन स्नान आणि मासा खात असल्यास अन्नातून मेट्रोनिडॅझोल देतात. फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच ते वापरावे, आणि बाटलीत पांढरा साका बसला असेल तर ते मुळीच वापरू नये, कारण तो साका माशांना अधिक विषारी असतो. या माशाला आजच वेगळे करावे आणि त्याची जाळी व भांडी इतर टाक्यांना लावू नयेत. जखमेच्या कडेचा किंचित खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आला तर वेगाने धावणारे केसाळ जीव दिसतात आणि मग शंकेला जागा राहत नाही. जिवाणूंमुळेही अशी जखम होऊ शकते, आणि त्यासाठीचे प्रतिजैविक अर्थातच वेगळे असते.

प्रश्न : परांच्या कडेला फुलकोबीसारख्या पांढऱ्या गाठी आल्या आहेत. मासा उत्तम खातो.

उत्तर : हा लिम्फोसिस्टिस, विषाणूमुळे होणारा आणि फुलपाखरू माशांत नेहमी दिसणारा विकार आहे. संयोजी ऊतीतील पेशी इतक्या फुगतात की त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. यावर औषध नाही आणि ते शोधूही नये. चांगले पाणी, भरपूर अन्न आणि त्रास न देणारे सोबती मिळाले की गाठी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गळून पडतात. त्या कापू नयेत. फक्त तोंडावर गाठ वाढून खाणे अडले तर पशुवैद्यकाला दाखवावे.

प्रश्न : रात्री दिवा लावून पाहिले तर मासा काळपट, डागाळलेला दिसतो, सकाळी पुन्हा पिवळाधमक. हे कॉपरचे दुष्परिणाम आहेत का?

उत्तर : नाही. अनेक फुलपाखरू मासे रात्री रंग बदलतात. काळ्या पाठीच्या मेलॅनोटस जातीत तर पाठ जवळजवळ पूर्ण काळी होऊन तीवर दोन पांढरे ठिपके उमटतात. रात्री दिवा लावून त्याला जागवू नये, इतकेच.

प्रश्न : शेव्हरॉन बटरफ्लाय आणला. कोणताही आजार दिसत नाही, विष्ठाही नेहमीसारखी आहे, तरी तो दिवसेंदिवस वाळत चालला आहे. जंतांचे औषध द्यावे का?

उत्तर : विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी असती तर आतड्यातील परजीवींचा विचार केला असता. येथे कारण बहुधा वेगळे आहे. शेव्हरॉन, म्हणजे कीटोडॉन ट्रायफॅसिअॅलिस, निसर्गात जवळजवळ केवळ ॲक्रोपोरा प्रवाळांच्या पॉलिपांवर जगतो. ऑर्नेट, मेयर्स आणि मेलन बटरफ्लाय हेही असेच प्रवाळभक्षी आहेत. ते कधी कधी मायसिस तोंडात घेतात, त्यामुळे मासा ‘खातो’ असे वाटते, पण त्यावर त्यांचे शरीर टिकत नाही आणि काही महिन्यांत ते मरतात. औषधाने यात काही साधणार नाही. ॲक्रोपोराचे तुकडे सतत पुरवणे शक्य असेल किंवा तशी सोय असलेले मत्स्यालय मासा घेण्यास तयार असेल, तर हेच दोन मार्ग आहेत. विक्रेत्यांनी हे मासे मागवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मागवले जातात याचे कारण आपण ते विकत घेतो. पहिलाच फुलपाखरू मासा घ्यायचा असेल तर ऑरिगा, रॅकून, क्लाइन्स किंवा लांब पांढऱ्या झालरीचा हेनिओकस घ्यावा. हे मिश्र अन्नावर जगतात. ऑरिगा व रॅकून प्रवाळांना टोचतात, म्हणून ते प्रवाळ नसलेल्या, फक्त माशांच्या टाकीतच शोभतात.

प्रश्न : आजारी टाकी साफ केल्यावर बोटावर गाठ आली आहे व ती बरी होत नाही. माशांचा आजार माणसाला होतो का?

उत्तर : इक, वेल्व्हेट, फ्लूक व लिम्फोसिस्टिस माणसाला होत नाहीत. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू मात्र हातावरच्या खरचटलेल्या जागेतून शिरतो आणि काही आठवड्यांनी तेथे गाठ किंवा व्रण उठतो. फुलपाखरू माशांत त्याचा संसर्ग झाला तर मासा हळूहळू वाळतो, कधी अंगावर न भरणारे व्रण येतात. आपण त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे हे आठवणीने सांगावे, कारण नेहमीच्या तपासण्यांत हा जिवाणू सहज सुटतो, तो वाढवण्यासाठी प्रयोगशाळेला शरीरापेक्षा कमी तापमान, सुमारे ३० अंश सेल्सिअस, ठेवावे लागते, आणि उपचारही नेहमीच्या जखमेपेक्षा बरेच दिवस चालतो. तोवर टाकीत हात घालण्याचे काम दुसऱ्या कोणी, कोपरापर्यंतचे हातमोजे घालून, करावे.